संविधानाच्या पंचवीस वर्षं आधीचं काम, आणि ते आपल्या सोलापुरातलं आहे

अकरावीतल्या एका मुलाने विचारलंय, कॉलेजात 14 एप्रिलला भाषण आहे, सगळेजण महाड आणि संविधान यावरच बोलतात, तर बाबासाहेबांचं सोलापूरशी जोडलेलं एखादं काम सांगा, आणि त्यांचा वारसा वारसा म्हणतात तो म्हणजे नेमका काय. प्रश्न लई चांगला आहे. मी नोकरीचं सगळं आयुष्य मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहात गृहपाल म्हणून काढलं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण निवांत वाच.

तर बाळा, तारीख लिहून घे. 4 जानेवारी 1925. या दिवशी सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू केलं. महाडचा सत्याग्रह मार्च 1927 चा, म्हणजे चवदार तळ्याच्या दोन वर्षं आधी. काळाराम मंदिर 1930, पुणे करार 1932, संविधान तर 1949-50. हे सगळं पुढचं. बाबासाहेब 1923 मध्ये लंडनहून डीएससी आणि बॅरिस्टर होऊन परत आले, मुंबईत वकिली चालू केली, 20 जुलै 1924 ला ही सभा काढली आणि सहा महिन्याच्या आत सभेने जे पहिलं मोठं ठोस काम उभं केलं ते आपल्या गावात, मुलांना राहायला जागा. मला तर वाटतं त्यांचं पुढचं सगळं काम समजून घ्यायचं असेल तर इथून सुरुवात करावी, आणि बहुतेक भाषणात नेमकं हेच गळतं.

आता बोर्डिंगच का? शाळा का नाही काढली? असं बघ, सरकारी शाळा अस्पृश्यांना कागदावर उघड्या होत्याच. 1923 मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला होता की सरकारी खर्चाने चालणाऱ्या विहिरी, पाणवठे, शाळा, दवाखाने, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, आणि तो पासही झाला. पण खेड्यात शाळा असली तर चौथीपर्यंत, पुढचं इंग्रजी शिक्षण फक्त शहरात. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडचं एखादं महार नाहीतर मांगाचं पोरगं हुशार निघालं, मास्तरांनी वर्गाबाहेर बसवून का होईना शिकवलं, चौथी पास झालं, आता हायस्कूलला सोलापूरला यायचं तर झोपणार कुठे आणि जेवणार कुठे? खानावळवाला आत घेणार नाही. खोली कोण देणार नाही. नातेवाईक गिरणीत असतील तर एका खोलीत आठ-दहा माणसं, दिवा एकच, त्यात पाळ्या बदलणारे झोपलेले. शाळेचा दरवाजा उघडा असून उपयोग काय, शाळेपर्यंत पोचायची वाटच बंद होती. बाबासाहेबांनी बरोबर तिथे हात घातला. सभेच्या उद्देशातच लिहिलेलं होतं की वसतिगृहं काढायची, वाचनालयं काढायची, शेतकी आणि औद्योगिक शिक्षणाची सोय करायची.

सोलापूरच्या बोर्डिंगात मुलांचं जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं सगळा खर्च सभा करायची, नगरपालिकेकडूनही मदत मिळवली होती, आणि कारभार बघायला इथलेच जिवाप्पा ऐदाळे होते. हे नाव भाषणात नक्की घे, कारण सोलापुरातच किती जणांना माहीत आहे मला शंका आहे. हेच ऐदाळे पुढे 1937 च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून सोलापुरातून मुंबईच्या असेंब्लीत निवडून गेले. बोर्डिंग चालवणारा माणूस आमदार झाला. मुलांच्या जेवणाचा हिशोब ठेवता ठेवता, नगरपालिकेत खेटे घालता घालता माणूस सार्वजनिक कामात तयार होतो ते असं. सभेच्या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक पण काढलं होतं आणि मोफत वाचनालय चालवलं होतं. विचार कर, ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर बघायची बंदी होती त्यांची पोरं मासिक काढतायत.

सोलापूर जिल्हा त्यांना आधीपासून ओळखीचा होता. 1924 च्या मे महिन्यात बार्शीला बहिष्कृत परिषद झाली तिथे त्यांचं भाषण झालं होतं. बोर्डिंगनंतरही ते येत राहिले. 1 जानेवारी 1938 ला इथल्या ख्रिश्चन समाजापुढे बोलले, त्यात त्यांनी सांगितलं की बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी मला भारावून टाकलंय, आणि त्याच भाषणात त्या समाजाला तोंडावर सुनावलं सुद्धा की दक्षिणेत तुमच्या चर्चमध्ये पण जातीपाती पाळतात आणि राजकीय हक्कासाठी तुम्ही लढत नाही. पाहुणा म्हणून बोलवलं म्हणून गोड बोलून जायचं हा त्यांचा स्वभावच नव्हता.

पण मूळ मुद्द्यावर येतो, राहायची जागा. हा मुद्दा त्यांच्या डोक्यात पुस्तकातून आलेला नव्हता, अंगावरून गेलेला होता.

लहानपणी, वय नऊच्या आसपास, साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले, सोबत भाऊ आणि भाचा. मसूर स्टेशनवर उतरले, कपडे चांगले, स्टेशनमास्तर आधी प्रेमाने बोलला, मग विचारलं तुम्ही कोण, महार म्हटल्यावर चेहराच बदलला. बैलगाडीवाले न्यायला तयार नाहीत. शेवटी दुप्पट भाडं दिलं आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असं ठरलं. डबा सोबत होता पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही.

मग 1917. हा प्रसंग तू सविस्तर सांग. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनमध्ये अभ्यास करून आलेला माणूस, सयाजीराव गायकवाडांची स्कॉलरशिप घेतलेली म्हणून करारानुसार बडोद्याला नोकरीला गेला. महाराज स्वतः पुरोगामी, नोकरी तयार, खुर्ची तयार, फक्त राहायला घर नाही. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, दिवसाला दीड रुपया, वर एकटेच, अंधार, वटवाघळं. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले, तू कोण, आमची धर्मशाळा बाटवलीस, संध्याकाळपर्यंत निघ. हिंदू मित्राकडे विचारलं, ख्रिश्चन मित्राकडे विचारलं, दोघांनीही काहीतरी कारण काढून टाळलं. मग शहरातल्या कामाठी बागेत जाऊन बसले, रात्रीच्या गाडीची वाट बघत, आणि मुंबईला परत आले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि हे पण लिहिलंय की अस्पृश्य हिंदूला तर अस्पृश्य असतोच पण पारशालाही अस्पृश्य असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जगातल्या मोठ्या विद्यापीठाची पदवी हातात आणि रात्री डोकं टेकवायला जागा नाही. मी नोकरीत असताना नवीन आलेल्या मुलांना पहिल्या रविवारी हा प्रसंग वाचून दाखवायचो, नंतर हॉलमध्ये बराच वेळ कोणी बोलायचं नाही.

आणि पुढे 1929. तोवर ते आमदार होते, नाव झालेलं होतं. मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या परिस्थितीची चौकशी करायला स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली होती, बाबासाहेब त्यात मेंबर. त्या दौऱ्याच्या काळात चाळीसगावला उतरले, तिथल्या महारवाड्यातल्या लोकांनी मुक्कामाला बोलावलेलं, तर एकही टांगेवाला त्यांना बसवून न्यायला तयार नाही. टांगा देतो म्हणाले पण हाकणार नाही. मग वस्तीतल्याच एकाने हाकला, त्याला सवय नाही, पुलावर टांगा कलंडला आणि बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं, बरेच दिवस हलता येईना. चौकशी करायला गेलेला मेंबरच त्या रोगाचा बळी. याच कमिटीने 1930 च्या अहवालात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहं वाढवायची शिफारस केली. तुझ्या वर्गातली मुलं आज महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात त्याची मुळं शोधत गेलास तर असल्या कागदांपाशी पोचशील.

मधल्या काळात, 1928 मध्ये, त्यांनी दलित वर्ग शिक्षण संस्था काढली आणि सरकारी मदतीवर पुणे, नाशिक, ठाणे, धारवाड अशा ठिकाणी वसतिगृहं चालवली. धारवाडच्या वसतिगृहाची एक आठवण आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात. रमाई तब्येत बरी नाही म्हणून तिथलं वसतिगृह बघणाऱ्या वराळेकाकांकडे राहायला गेल्या होत्या, अनुदान वेळेवर आलं नाही, मुलं उपाशी आहेत कळल्यावर त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. हे मला स्वतःला फार जवळचं वाटतं, कारण अनुदान उशिरा येणं म्हणजे काय असतं हे गृहपालालाच माहीत. किराणा दुकानदार उधारी किती दिवस देणार, आणि मुलांना तर दोन टाईम भाकरी-आमटी लागतेच.

कोणी म्हणेल बोर्डिंग काय बाबासाहेबांनीच काढली का. बरोबर आहे, नाही. छत्रपती शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात बोर्डिंगचा धडाकाच लावला होता, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि 1908 मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. विठ्ठल रामजी शिंद्यांनी 1906 मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढून मुंबई-पुण्यात असंच काम केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याला सगळ्या जातीची पोरं एका छपराखाली, एका पंगतीत जेवायला बसवली. महाराष्ट्रातला बहुजन समाज शिकला तो बोर्डिंगमुळे शिकला, हे मी छातीठोक सांगतो. शाहू महाराज आणि बाबासाहेबांचं नातं तर सगळ्यांना माहीत आहे, 1920 मध्ये 'मूकनायक' सुरू झालं त्याला महाराजांनी अडीच हजारांची मदत केली, त्याच वर्षी माणगाव परिषदेत महाराजांनी जमलेल्या लोकांना तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला म्हणून जाहीर सांगितलं.

मग बाबासाहेबांचं वेगळेपण काय? माझं मत सांगतो. बाकीच्या ठिकाणी वरच्याने हात देऊन वर ओढायचं, भावना चांगलीच, पण देणारा एक आणि घेणारा एक. बाबासाहेबांच्या सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, उच्चवर्णीय मंडळी मदतीला होती, तरी कार्यकारी समितीचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब आणि प्रत्यक्ष काम करणारी माणसं समाजातलीच पाहिजेत हा आग्रह. आपलं बोर्डिंग आपण चालवायचं, हिशोब आपण ठेवायचा, चुकलं तर आपण निस्तरायचं. भीक आणि हक्क यातला फरक पोरांना तिथे रोज शिकायला मिळत होता. त्यामुळे त्या बोर्डिंगांतून नुसते कारकून नाही तर कार्यकर्ते बाहेर पडले.

आणि शिक्षण म्हणजे सगळं झालं असंही ते कधी म्हणाले नाहीत, हे भाषणात नक्की ठेव नाहीतर लोक बाबासाहेबांना नुसते "शिका शिका" म्हणणारे करून टाकतात. आपल्या सोलापूरकरांना पटकन कळेल असं उदाहरण देतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना घेत नव्हते. का, तर मागावर आडवा धागा नेणारा तो धोटा, त्यातलं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा बाकीचे कसे वापरणार. म्हणजे मशीन इंग्लंडहून आलेलं, कारखाना नवा, संपात लाल झेंडा सगळ्यांचा, आणि खात्याच्या दारात जात उभीच. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना हाच प्रश्न लावून धरला, कामगारांची एकी म्हणता तर आधी विणकाम खातं उघडा. 1936 च्या 'जातिनिर्मूलन' मध्ये त्यांनी तेच मांडलं की जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, आणि तीही एकाच्या डोक्यावर एक अशी. ते भाषण लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं, मंडळाला मजकूर झेपला नाही, सभा रद्द झाली, यांनी स्वतःच्या खर्चाने छापलं. तू अकरावीत आहेस, आता वाच, काही पानं जड जातील, चालतंय, परत वाच.

1942 मध्ये ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले, तिथे बसल्या बसल्या त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी केंद्राकडून वर्षाला तीन लाखांची शिष्यवृत्ती मिळवली, आज पोस्ट मॅट्रिक म्हणतात तिची सुरुवात तीच. मग 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, 1950 ला औरंगाबादला पुढे मिलिंद म्हणून नावाजलेलं कॉलेज. मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाची सोय फारच तुटपुंजी होती, तुळजापूर, उस्मानाबाद, बीडकडची सगळ्या जातींची मुलं तिथे शिकली. म्हणजे 1925 च्या सोलापूरच्या बोर्डिंगपासून नागसेनवनापर्यंत, म्हणजे मिलिंद कॉलेजच्या परिसरापर्यंत, एक सरळ रेषा आहे, आधी राहायला जागा, मग फी, मग स्वतःचं कॉलेज. संविधानातलं 17 वं कलम अस्पृश्यता बंद करतं, 15 वं कलम सार्वजनिक जागी भेदभाव नाकारतं, त्यात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव अशी नावं घेऊन लिहिलंय. मसूर स्टेशन आणि बडोदा माहीत असलेल्याला ही यादी वाचताना अंगावर काटा येतो.

आता दुसरा प्रश्न, वारसा. आपल्याकडे जयंतीला मिरवणुका निघतात, बुधवार पेठेत मिलिंद नगरला प्रेरणाभूमी आहे, बाबासाहेबांच्या अस्थी तिथे आहेत, सगळं सोलापूर लोटतं. मिरवणुकीला नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. ज्या माणसांना रस्त्याने सावली वाचवत चालायला लागायचं त्यांची नातवंडं भर रस्त्यात नाचत गेली तर त्यात मला आनंदच दिसतो. पण वारसा बघायचा तर जून-जुलैमध्ये बघ. ॲडमिशनच्या दिवसात खेड्यातून आई-बाप पोराला घेऊन येतात, एसटीतून उतरतात, हातात पत्र्याची पेटी, पिशवीत शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या, आणि वसतिगृहाची यादी लागली का विचारतात. आई विडी वळणारी नाहीतर ऊसतोडीला जाणारी, बाप पॉवरलूमवर. त्यांच्या घरात कॉलेज बघणारं ते पहिलंच पोरगं. यादीत नाव नसलं की त्या माणसांचा चेहरा जो होतो तो मला रिटायर झाल्यावरही विसरता येत नाही.

कारण मग पोरगं बाहेर खोली बघायला जातं आणि 1917 चा प्रश्न परत येतो. घरमालक आधी हसून बोलतो, खोली दाखवतो, भाडं सांगतो, मग विचारतो, "आडनाव काय म्हणालास?" त्यानंतर अचानक आठवतं की खोली पाहुण्याला द्यायची आहे. किंवा गाव विचारतात, गावात कुठल्या बाजूला घर आहे विचारतात, खाण्यापिण्याचं विचारतात, जातीचं नाव न घेता जात काढून घेतात. माझ्या किती पोरांनी येऊन हे सांगितलं, काही रडले, काही चिडले, एकाने तर पुढच्या ठिकाणी खोटं आडनाव सांगितलं आणि महिनाभर कोणी ओळखेल म्हणून झोपला नाही. बाबासाहेबांनी पारशी नाव लावलं होतं ते आठव. शंभर वर्षं झाली बाळा. हे भाषणात बोललास तर काही जणांना आवडणार नाही, तरी बोल, कुणाला दोष न देता जे घडतं ते सांग.

अजून एक सांगतो, ते आपल्या लोकांसाठी आहे. वसतिगृहात सुद्धा महार-बौद्ध, मातंग, ढोर, मोची, चांभार असे गट पडतात, जेवताना वेगळे बसतात, खोल्या आपल्या आपल्यात मागतात. सोलापुरात तर मराठी, कन्नड, तेलुगू अशा भाषाही त्यात येतात. मी खोल्या नेहमी मिसळून द्यायचो, पहिले पंधरा दिवस कुरकुर, नंतर दिवाळीला एकमेकांच्या गावाला जायला लागायचे. जात फक्त वरून खाली वाहते असं नाही, ती प्रत्येक पायरीवर थांबून खालच्याला लाथ मारते, हे बाबासाहेबांनी स्वच्छ लिहिलंय आणि आपण ते आपल्यापुरतं वाचत नाही.

भाषण पाच मिनिटांचं असेल तर असं कर, बडोदा दीड मिनिट, सोलापूरचं बोर्डिंग आणि ऐदाळे दीड मिनिट, धोट्याचं उदाहरण एक मिनिट, उरलेला वेळ आजच्या खोलीच्या प्रश्नाला. जन्म महू, 14 एप्रिल 1891, महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956, हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवू नको.

आणि तुझ्या वर्गात बाहेरगावची अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध मुलं असतील आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नसेल तर त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचं सांग. जेवण, राहणं, साहित्य यासाठी पैसे थेट खात्यात येतात, योजना आली तेव्हा आपल्यासारख्या महापालिकेच्या शहराला वर्षाला 51,000 आणि घरच्या उत्पन्नाची अट अडीच लाखाची अशी ठरलेली, नियम मधूनमधून बदलतात म्हणून समाज कल्याण ऑफिसात जाऊन चालू वर्षाचं विचारून घ्यायचं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कलिस्ट, बोनाफाईड, आधारला जोडलेलं बँक खातं, एवढं आधीच गोळा करून ठेवा. व्हॅलिडिटीचा, म्हणजे जात पडताळणीचा, अर्ज अकरावीतच टाका, बारावीनंतर सगळे एकदम धावतात आणि ॲडमिशन अडकतं. फॉर्म भरताना काही अडलं तर माझ्याकडे पाठव, घरीच असतो.